डॉक्टरांचा ससाणा

नवऱ्याच्या मंडळाला मास्तरीणबाई ‘तोफखाना’ म्हणायची, आणि तेही त्यांच्या तोंडावर. मंडळाचं खरं नाव लांबलचक होतं. त्यात निसर्ग होता, छायाचित्रण होतं, संवर्धन होतं आणि शेवटी ‘परिवार’सुद्धा होता. पण दहा-बारा पोटं सुटलेले पुरुष हातभर लांबीच्या लेन्सा स्टँडवर चढवून, रविवारी भल्या सकाळी रिकाम्या आभाळावर नेम धरून उभे राहिले, की त्याला दुसरं काय म्हणायचं? अंगात सगळ्यांच्या झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे. ज्या पक्ष्याला एवढ्या उंचीवरून गवतातला उंदीर दिसतो, त्याला पोटावर पानं छापलेला माणूस दिसणार नाही, असा या शहाण्यांचा समज होता. मंडळाच्या अध्यक्षाला तर सगळे ‘कर्नल’च म्हणत. सैन्याशी त्याचा संबंध विजारीच्या रंगापुरता. एरवी त्याचं फरशांचं दुकान होतं.

तिचा नवरा दातांचा डॉक्टर. या धंद्यात एक मोठी वाईट खोड लागते. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो, पण त्याला बोलता काही येत नाही. वर्षानुवर्षं असलेच श्रोते मिळाले, की आपलं म्हणणं जगाला पटतंय असं माणसाला वाटायला लागतं. डॉक्टर दाढ कोरता कोरता पेशंटला ससाण्यांबद्दल सांगत. पेशंट ‘आँ’ करी. डॉक्टर ते कौतुक म्हणून घेत.

मास्तरीणबाई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. धाकट्या गल्लीत तिची शाळा होती, दोन गाड्या होत्या, आणि गावातल्या अर्ध्या बायकांनी तिच्या शिव्या खातच लायसन्स काढलं होतं. तिला पक्ष्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. तरी दर रविवारी ती तोफखान्याबरोबर जायची, कारण डॉक्टरांच्या हाती गाडी द्यायची सोय उरली नव्हती. एकदा चालवता चालवता त्यांना डोक्यावर गरुड दिसला होता. गरुड गरुडाच्या वाटेने गेला आणि डॉक्टर दुधाच्या टेम्पोत. त्या दिवसापासून किल्ली बायकोच्या पर्समध्ये असे.

मग ही मंडळी नेम धरून बसली, की ती गाडीचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून, थर्मासातला चहा पीत बसायची आणि टोमणे मारायची. एवढ्या वर्षांत डॉक्टरांच्या हाती लागलं होतं ते म्हणजे उडत्या शिकारी पक्ष्यांचे पार्श्वभाग. पक्षी आला, की डॉक्टर आधी सेटिंग बघायचे. सेटिंग जमेपर्यंत पक्षी पाठ करून निघालेला असे. दिवाणखान्यात असे सात फोटो फ्रेम करून लावले होते. पाहुणे आले, की डॉक्टर एकेक ओळख करून देत, “ही घार. हा शिक्रा. हा भोवत्या.” आतून पाण्याचे पेले घेऊन येत मास्तरीणबाई म्हणे, “तोंडं दाखवायला लाजतात हो आमच्याकडे.” पाहुणे हसत. डॉक्टरही हसत, पण त्यांचे कान लाल होत. ते कान तिला दिसत. तरी ती थांबत नसे, कारण एवढ्या महागाच्या वेडाला कोणीतरी नाकं मुरडायलाच हवीत, असं तिचं स्पष्ट मत होतं.

त्या थंडीत गावाबाहेरच्या बंद सिमेंट कारखान्याच्या धुराड्यावर बहिरी ससाण्याची जोडी येऊन राहिली. बहिरी ससाणा म्हणजे या लोकांचा देव. वरून पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि उडतं कबुतर हवेतच मारतो. तो खाली येताना, समोरून, डोळ्यात डोळा घालून फोटो मिळावा ही तोफखान्यातल्या प्रत्येकाची जन्माची इच्छा होती. मंडळाची मोठी स्पर्धाही तोंडावर आली होती. त्यामुळे धुराड्यासमोर रोज रांग. कर्नल तर स्टूल घेऊन यायचा.

पण एका रविवारी कर्नलच्या घरी लग्न होतं आणि सगळा तोफखाना तिकडे जेवायला जाणार होता. डॉक्टरांनी लग्नाला दांडी मारली. मैदान मोकळं मिळेल असा त्यांचा हिशोब होता. मिळालंही. फक्त आदल्या रात्रीची उकडलेली अंडी त्यांनी सकाळी घाईघाईत खाल्ली होती, आणि तासाभरात पोटाने दगा दिला.

“मी आलोच,” डॉक्टर पोट धरून म्हणाले. “कॅमेऱ्याला हात लावू नकोस. सगळं लावून ठेवलंय.”

“मी कशाला लावतेय? तुम्ही जा आधी,” ती म्हणाली.

डॉक्टर पाण्याची बाटली घेऊन झुडपांकडे पळाले. इतक्या वेगाने सुटलेला शिकारी तिने एवढ्या रविवारांत प्रथमच पाहिला. ती हसत हसत गाडीतून उतरली आणि पाय मोकळे करायला कॅमेऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. धुराड्यावर ससाणा ठिपक्याएवढा दिसत होता आणि जराही हलत नव्हता. हे लोक त्या ठिपक्याकडे तासन्‌तास बघत बसत. तिला ते नेहमीच मूर्खपणाचं वाटे. नव्या पोरी गाडी चालवायला बसल्या, की अशाच समोरच्या बॉनेटकडे बघत राहतात. मग ती ओरडते, “बॉनेट कुठे पळून जात नाही, रस्त्याकडे बघ. कोण मध्ये येणार आहे ते बघ.”

तिने सवयीने तेच केलं. मध्ये कोण येणार, ते बघितलं. डाव्या हाताला धान्याची गोदामं होती. त्यांच्या पत्र्यांवरून कबुतरांचा थवा उठला आणि वळून नेमका तिच्याच दिशेने यायला लागला. एक कबुतर मागे पडलं होतं. आता ससाणा येणार, आणि इकडेच येणार, एवढं तिला कळलं. गाडीसमोर सायकलवाला येणार हे जसं कळतं, तसंच. तिने लेन्स धुराड्यावरून काढून त्या कबुतरावर फिरवली आणि बटण दाबून धरलं. कॅमेऱ्याचं बाकीचं तिला माहीत होतं, कारण एवढी वर्षं जेवताना, झोपताना, आजारपणात तेच ऐकलं होतं.

तो आला. आधी फक्त आवाज आला, कापड टराटरा फाडावं तसा. मग काच भरून त्याचं तोंड दिसलं, आणि दोन्ही पाय पुढे. कबुतराने शेवटच्या क्षणी कोलांटी मारली आणि ते निसटलं. ससाणा मात्र निघून गेला नाही. समोर कुंपणाची पडकी भिंत होती, तिच्यावर तो बसला. इतका जवळ, की त्याच्या बोटाला चिकटलेलं करडं पीस तिला दिसत होतं. चोच उघडी होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. दमला होता बिचारा. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता की भीती नव्हती. कामावर निघालेल्या माणसाने कामावरच्या दुसऱ्या माणसाकडे बघावं, तसं त्याने बघितलं. मग पायाचं पीस चोचीने काढून टाकलं, अंग झाडलं आणि आणखी जरा वेळ तिथेच बसून राहिला.

मास्तरीणबाईचा हात बटणावरून कधीच निघाला होता. फोटो वगैरे तिच्या डोक्यातही नव्हतं. तिचे डोळे भरले होते, आणि याचा तिला भयंकर राग आला.

ससाणा उडून गेला, तोवर डॉक्टर पट्टा आवळत परत आले.

“काही आलं होतं का?”

“येऊन गेला,” ती म्हणाली.

“फोटो?”

“दाबलंय काहीतरी. बघा.”

एवढंच. पुढचं तिने सांगितलं नाही. सांगायचं तर काय सांगायचं होतं? की तुमच्या त्या पक्ष्याने माझ्याकडे बघितलं आणि मला रडू आलं? जन्मभर ज्याची टर उडवली त्याच्याच पुढे जाऊन हे बोलायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ती गाडीत बसली आणि घरी येईपर्यंत पुढच्या ट्रकवाल्याला शिव्या देत राहिली.

संध्याकाळी डॉक्टरांनी फोटो कॉम्प्युटरवर टाकले.  मग हाक आली. ती हात पुसत गेली. पडद्यावर ससाणा होता. पंख अर्धे उघडलेले, पाय पुढे, नजर सरळ समोर. डॉक्टर त्याच्याकडे बघत नव्हते. ते सेटिंग बघत होते.

“शटर मी बरोबर लावलं होतं,” ते हळूच म्हणाले.

“बरं.”

“नाही म्हणजे, उजेडाचा अंदाज माझाच होता.” कॉम्प्युटरकडेच बघत त्यांनी विचारलं, “स्पर्धेला पाठवायचा म्हणतोय. नावाचं काय करायचं?”

हाच तो क्षण होता. ‘माझं घाला’ म्हणायला तिला दोन शब्द पुरले असते. पण ते दोन शब्द म्हणजे कबुली होती, की मलाही हवंय, तुमच्या तोफखान्यातलं मलाही काहीतरी हवंय. तिने पदराला हात पुसले.

“घाला तुमचंच,” ती म्हणाली. “मला काय त्याचं लोणचं घालायचंय?”

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. आग्रह करायची रीत असते, एकदा तरी ‘अगं पण’ म्हणायचं असतं. तेवढंसुद्धा नाही. आयत्या बिळावर नागोबा जाऊन बसला, आणि वर फणा काढून डोलायलाही लागला.

डोलणं कसं वाढत गेलं ते तिने जवळून पाहिलं. कर्नलला फोनवर सांगताना डॉक्टर आधी म्हणाले, “मिळाला बुवा एक.” आठवड्याने ‘मिळाला’चा ‘घेतला’ झाला. मग त्यात श्वास रोखून धरणं आलं. मग सहा रविवारांची तपश्चर्या आली. मग एके दिवशी ते दवाखान्यात एका पेशंटला सांगताना तिने ऐकलं, “कबुतर मागे पडलेलं मी हेरलं होतं.” कबुतराचं तर तिने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. फोटोच्या कोपऱ्यात त्याचा पंख दिसत होता, त्यावरून त्यांनी ते रचलं होतं. खोटं बोलायला तेवढी अक्कल होती म्हणायची. पहिलं बक्षीस लागल्याची बातमी आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला पेढे आणायला पिटाळलं. तिने आणलेही.

पण आत काहीतरी सलत होतं. ती स्वतःला सांगायची, असल्या टिनपाट मंडळाचं ते टिनपाट बक्षीस, घेऊन कुठे ठेवायचं? हे सगळं खरं होतं. तरी रात्री तो उघड्या चोचीचा पक्षी डोळ्यांपुढे येई आणि झोप उडे. ढाल नको, पैसे नकोत, फोटोवर नावही नको. चार लोकांत त्यांनी एकदा म्हणावं, ‘हा हिने काढलाय.’ एवढंच हवं होतं, आणि ते मागणं तिच्याच जिभेने अवघड करून ठेवलं होतं.

बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी तिने आडून विचारून पाहिलं.

“उद्या बोलावं लागेल ना तुम्हाला?”

“दहा मिनिटं दिलीयत.”

“काय बोलणार?”

“अनुभव. तंत्र. मग आभार.”

“कोणाकोणाचे?”

डॉक्टर बोटांवर मोजायला लागले. “मंडळाचे. कर्नलचे. कारखान्याच्या वॉचमनचे. आणि हो,” ते उदारपणे म्हणाले, “तुझेही मानणार आहे. गाडी चालवल्याबद्दल.”

 त्या रात्री शर्टाला तिने इतकी कडक इस्त्री केली, की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची मान वळेना.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. मास्तरीणबाई दुसऱ्या रांगेत बसली. शेजारी नणंद होती, भावाच्या कौतुकासाठी मुद्दाम आलेली. “दादाला लहानपणापासूनच पाखरांची आवड हो, वहिनी,” ती म्हणाली. “गलोल कायम खिशात.” मास्तरीणबाईने मान डोलावली.

परीक्षक एक म्हातारी बाई होती. जन्मभर जंगलात काढलेली, हातात काठी, बोलणं तोलून मापून. प्रत्येक बक्षीसवाल्याला ती एकच प्रश्न विचारत होती, “फोटोनंतर पक्ष्याने काय केलं?” तिसऱ्या नंबरच्या गृहस्थांनी लेन्सची माहिती दिली. दुसरं बक्षीस कर्नलला होतं. “लक्षात नाही,” असं तो म्हणाला, आणि त्याच्याबद्दल मास्तरीणबाईला पहिल्यांदाच बरं वाटलं.

मग डॉक्टर उठले. दहा मिनिटांची वीस झाली. श्वास रोखला गेला, तपश्चर्या झाली, कबुतर हेरलं गेलं. मागच्या पडद्यावर ससाणा भिंतभर पसरला होता आणि त्याच्यासमोर इस्त्रीच्या कॉलरमध्ये मान अडकलेले डॉक्टर त्याला पाठ करून उभे होते. तिचे आभार गाडीसकट मानून झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नणंदेने डोळे टिपले. मास्तरीणबाईने हे सगळं गिळलं. आपणच म्हटलंय ना लोणचं घालायचं नाही, मग भोगा, असं ती स्वतःला बजावत होती.

“छान,” परीक्षक बाई म्हणाली. “आणि फोटोनंतर?”

डॉक्टर क्षणभरच अडखळले. “नंतर तो झेपावला,” ते म्हणाले. “वर, वर, सरळ आभाळात. एक ठिपका झाला आणि नाहीसा झाला. मी बघतच राहिलो.”

आता मात्र तिला राहवलं नाही. फोटो घेतलात, नाव घेतलंत, कबुतरही घेतलंत, घ्या. पण तो दमलेला, उघड्या चोचीचा जीव, त्याला असा कॅलेंडरवरच्या पक्ष्यासारखा आभाळात पिटाळून द्यायचा? ती उभी राहिली तेव्हा नणंदेला वाटलं, वहिनींना बाहेर जायचंय, म्हणून तिने पाय बाजूला घेतले.

“झेपावला नाही,” मास्तरीणबाई म्हणाली. शिकवताना ओरडायची सवय असल्यामुळे तिला माइकची गरज नव्हती. “भिंतीवर बसला. पडक्या भिंतीवर, माझ्यासमोर. कबुतर सुटलं होतं त्याचं. चोच उघडी होती, धापा टाकत होता. पायाला पीस चिकटलं होतं, ते काढलं त्याने. मग नुसता बसून राहिला. माझ्याकडे बघितलं.”

 परीक्षक बाईने काठीवरचे हात बदलले.

“आणि डॉक्टर,” तिने शांतपणे विचारलं, “तुम्ही कुठे होतात?”

मास्तरीणबाई वाटच बघत होती. आता काहीतरी सारवासारव होणार, ‘आमच्या मिसेस जरा विनोदी आहेत’ असं काहीतरी येणार, आणि त्याला द्यायचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. इतकं जहाल, की तोफखान्याने पुढची दहा वर्षं त्यावर चर्चा केली असती. पण डॉक्टर परीक्षक बाईकडे बघत नव्हते. ते आपल्या बायकोकडे बघत होते. कान लाल झाले होते, पण चेहरा लाजल्यासारखा नव्हता. चेहरा काही हरवलेल्या माणसासारखा होता.

“बसला होता?” त्यांनी विचारलं. माइक तोंडापाशीच होता, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. “किती वेळ?”

“होता बराच वेळ,” ती म्हणाली.

“किती लांब?”

तिने पहिल्या रांगेपासून व्यासपीठापर्यंतचं अंतर हाताने दाखवलं. डॉक्टरांनी ते अंतर डोळ्यांनी मोजलं. मग मागे वळून, बहुधा प्रथमच, त्यांनी पडद्यावरच्या ससाण्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांची पहाट, थंडी, दुधाचा टेम्पो, दिवाणखान्यातले सात पाठमोरे पक्षी, आणि तो आला तेव्हा स्वतः कुठे होतो, हे सगळं बहुतेक त्यांना एकदम आठवलं असावं.

“हा फोटो हिने काढलाय,” डॉक्टर सभागृहाला म्हणाले. आवाज चिरकला होता. “मी झुडपात होतो. पोट बिघडलं होतं माझं. फोटो हिने काढलाय, आणि मी लबाडी केली, ते मान्य आहे.”  मग लोकांना विसरून, घरात स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बोलावं तसे ते तिला म्हणाले, “पण तो समोर बसला होता, तू एवढा वेळ बघितलास, आणि मला सांगितलं नाहीस? मी परत आलो तेव्हा नाही, घरी आलो तेव्हा नाही, आजपर्यंत नाही. फोटो जाऊ दे गं. नुसतं सांगायचं होतंस. दुसरं काय मागत होतो मी एवढी वर्षं?”

तिने इतके दिवस ज्या वाक्याची वाट बघितली, ते तिला चार नव्हे, चारशे लोकांत मिळालं होतं. त्याच्या पाठोपाठ हे आलं होतं, आणि हेही खरं होतं. जिभेवरचं ते जहाल उत्तर आता कुठेच लावता येत नव्हतं. ती खाली बसली.

नणंद तिच्याकडे वळून बघत होती.

“वहिनी,” तिने हळूच विचारलं, “खरंच नाही सांगितलंत दादाला?”

“नाही,” मास्तरीणबाई म्हणाली.